प्रसूतिवेदनांचे शमन : उपलब्ध पर्याय आणि निवडीचा प्रश्न

गोषवारा

प्रसूतिवेदना कमी करण्याचे अनेक मार्ग आज वैद्यकशास्त्राला ज्ञात आहेत. तथापि आपल्याकडील चर्चा ‘नैसर्गिक बाळंतपण’ आणि ‘वेदनारहित प्रसूती’ या दोन टोकांमध्येच अडकलेली दिसते. प्रस्तुत लेखात औषधविरहित उपाय, नायट्रस ऑक्साइड वायू, वेदनाशामक इंजेक्शने आणि एपिड्यूरल या पर्यायांचे स्वरूप, लाभ व मर्यादा यांचे विवेचन केले आहे. वेदनाशमनाची सोय नसणे आणि सिझेरियनची मागणी होणे यांतील संबंध, तसेच हा निर्णय नेमका कोणी घ्यावयाचा, या प्रश्नांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : प्रसूतिवेदना, एपिड्यूरल, प्रसूतिसोबती, सिझेरियन, माहितीपूर्ण संमती.

प्रस्तावना

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांमध्ये झाल्या. दोन-तीन पिढ्यांपूर्वी घरातल्या अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हातून होणारे बाळंतपण आता बहुतांशी दवाखान्यात होते. प्रसूतीची जागा बदलली, साधने बदलली, माता व बालकांच्या जिवाची शाश्वती वाढली. वेदनेविषयीची समजूत मात्र जवळजवळ होती तिथेच राहिली आहे. कळा सोसाव्याच लागतात, सगळ्यांनीच सोसल्या आहेत, आईपण असे फुकट मिळत नाही, ही वाक्ये घरातही ऐकू येतात आणि प्रसूतिकक्षातही. दाढ काढताना जी भूल हक्काने मागितली जाते, तीच प्रसूतीच्या वेळी मागणारी स्त्री नाजूक किंवा भित्री ठरते.

याउलट शहरांतील काही खासगी रुग्णालये ‘वेदनारहित प्रसूती’ अशी जाहिरात करतात. हा शब्दप्रयोगही तितकाच दिशाभूल करणारा आहे. कोणताही उपाय प्रत्येक स्त्रीची प्रत्येक वेदना पूर्णपणे नाहीशी करीत नाही आणि प्रत्येक उपायाची काही ना काही किंमत असते. म्हणून येथे ‘वेदनाशमन’ हीच संज्ञा वापरली आहे. शमन कमी-अधिक प्रमाणात होऊ शकते आणि किती शमन हवे हे व्यक्तीगणिक वेगळे असू शकते. निवडीचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

वेदनेचे स्वरूप

प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत गर्भाशयाच्या आकुंचनामुळे आणि गर्भाशयमुख उघडत असल्यामुळे वेदना होतात. या वेदनेचे संदेश पाठीच्या कण्यातील दहाव्या वक्षीय ते पहिल्या कटिभागीय मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जातात. त्यामुळे ओटीपोट, कंबर आणि मांड्या यांत खोल, नेमकी कुठे ते न सांगता येणारी कळ जाणवते. दुसऱ्या अवस्थेत बाळ योनिमार्गातून खाली सरकू लागले, की खालच्या त्रिकभागीय मज्जातंतूंचे संदेश त्यात मिसळतात आणि वेदना तीक्ष्ण, एका जागी एकवटलेली होते. दोन अवस्थांचे मार्ग भिन्न असल्यामुळेच पहिल्या अवस्थेत पुरेसा ठरलेला उपाय दुसऱ्या अवस्थेत अपुरा पडू शकतो.

वेदनेच्या अभ्यासाबद्दल प्रसिद्ध असलेले कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९८० च्या दशकात प्रश्नावलीच्या आधारे प्रसूतिवेदनेचे मोजमाप केले. प्रथम प्रसूत होणाऱ्या स्त्रियांच्या वेदनेचा सरासरी गुणांक कर्करोगाच्या जुनाट वेदनेहूनही वरचा आला. परंतु त्याच अभ्यासात काही स्त्रियांनी आपली वेदना सौम्य असल्याचे सांगितले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एखाद्या स्त्रीला ‘माझ्या वेळी तर काहीच वाटले नाही’ असे सांगणारी नातेवाईक खोटे बोलत नसते. मात्र तिच्या अनुभवावरून दुसरीच्या वेदनेचे माप काढता येत नाही. तीव्र वेदनेचे शारीरिक परिणामही असतात. ताणाची संप्रेरके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास वेगाने चालतो. निरोगी मातेला हे बहुधा झेपते. हृदयविकार किंवा गर्भधारणेतील उच्च रक्तदाब असलेल्या मातेच्या बाबतीत वेदनाशमन हा उपचाराचाच भाग ठरतो.

इतिहासाचा मागोवा

एडिंबरो येथील प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनी जानेवारी १८४७ मध्ये प्रसूतीसाठी ईथरचा आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये क्लोरोफॉर्मचा वापर केला. वेदना ही निसर्गाची योजना आहे, ती काढून घेणे धोक्याचे आहे, असा आक्षेप त्या वेळच्या काही डॉक्टरांनीच घेतला. धर्मग्रंथाचा आधार घेणारेही होते. ७ एप्रिल १८५३ रोजी राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला क्लोरोफॉर्म दिले आणि या उपायाला प्रतिष्ठा मिळाली.

पुढचा टप्पा अधिक बोलका आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मॉर्फिन आणि स्कोपोलामिन यांच्या मिश्रणाची पद्धत रूढ झाली. ‘संधिप्रकाशातील निद्रा’ या अर्थाच्या नावाने ती ओळखली गेली. १९१४ च्या सुमारास अमेरिकेतील स्त्रियांनी संघटना स्थापून तिची मागणी केली. या पद्धतीत वेदना फारशी कमी होत नसे. स्कोपोलामिनमुळे तिची आठवण पुसली जाई. स्त्रिया ओरडत, तळमळत, कधी त्यांना खाटेला बांधून ठेवावे लागे. जाग आल्यावर मात्र त्यांना काही स्मरत नसे. मॉर्फिनमुळे बाळाचा श्वास मंदावण्याचा धोका होताच. न्यूयॉर्कमधील भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अॅपगार यांनी १९५२ साली नवजात बालकाच्या मूल्यमापनाची जी गुणपद्धती मांडली, तिच्या मुळाशी मातेला दिलेल्या औषधांचा बाळावर काय परिणाम होतो ही चिंताही होती. अॅपगार गुणांक आज जगभर प्रत्येक केसपेपरवर लिहिला जातो, आणि तो एका भूलतज्ज्ञ स्त्रीने दिला आहे हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

औषधांच्या या अतिरेकाची प्रतिक्रिया उमटणे स्वाभाविक होते. ब्रिटनमधील ग्रँटली डिक-रीड यांनी भीतीमुळे ताण आणि ताणामुळे वेदना असे सूत्र मांडले, तर फ्रान्समधील फर्नांड लामाझ यांनी १९५१ साली सोव्हिएत संघात पाहिलेल्या पद्धतीवरून श्वसन आणि पूर्वतयारीवर आधारलेली पद्धत प्रचारात आणली. आपल्या शहरांतील गर्भसंस्कार वर्गांत शिकविल्या जाणाऱ्या श्वसनतंत्रांतही या विचाराची छाया दिसते.

औषधांवाचून मिळणारा दिलासा

या गटात चालणे-फिरणे, स्थिती बदलणे, कमरेला मालिश, गरम पाण्याचा शेक, कोमट पाण्याने स्नान, श्वसन व शिथिलीकरण असे उपाय येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रसूतिकाळातील सेवेच्या शिफारशींमध्ये मालिश, शेक आणि शिथिलीकरण यांचा समावेश केला आहे. त्यांच्या परिणामाचा पुरावा फार भक्कम नाही. परंतु ते निरुपद्रवी आहेत आणि पुष्कळ स्त्रियांना त्यांचा आधार वाटतो. कळा येत असताना तासन्‌तास उताणे झोपवून ठेवण्याची पद्धत मात्र वेदनेत भरच घालते.

या सर्वांत ज्याच्यामागे सर्वाधिक पुरावा आहे, तो उपाय म्हणजे सोबत. प्रसूतीच्या पूर्ण काळात एक व्यक्ती सतत जवळ असण्याच्या परिणामांचा कॉक्रेन संस्थेने २०१७ साली आढावा घेतला. त्यात सतरा देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्रित केली होती. अशी सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये वेदनाशामक औषधांची गरज कमी पडली, सिझेरियनचे प्रमाण घटले, प्रसूतीचा कालावधी सरासरी चाळीस मिनिटांनी कमी झाला आणि प्रसूतीविषयी कटू भावना बाळगणाऱ्यांची संख्याही कमी आढळली. एखाद्या औषधाने हे सर्व एकत्र साधले असते, तर त्याची जाहिरात गावोगावी लागली असती.

वायू आणि इंजेक्शने

नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायू यांचे समप्रमाण मिश्रण एकाच सिलिंडरमधून देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये मायकेल टन्स्टॉल यांनी १९६१ साली आणली. ‘एन्टोनॉक्स’ या नावाने परिचित असलेल्या या वायूचा मुखवटा स्त्रीने स्वतःच्या हातात धरावयाचा असतो. परिणाम होण्यास अर्धा मिनिट लागतो; म्हणून कळ येण्याची चाहूल लागताच श्वास घेणे आवश्यक असते. कळ शिगेला पोहोचल्यावर घेतला तर उपयोग उरत नाही. या वायूने वेदना जात नाही, ती काहीशी दूर सरकल्यासारखी वाटते. गरगरणे, मळमळणे हे त्याचे त्रास होत. पण मुखवटा बाजूला केला की काही मिनिटांत परिणाम ओसरतो. भूलतज्ज्ञ सतत हजर असण्याची अट नसल्यामुळे लहान रुग्णालयांना हा पर्याय परवडण्यासारखा आहे. मात्र खोलीत हवा खेळती हवी. अन्यथा परिचारिका व डॉक्टरांना तो वायू दिवसभर हुंगावा लागतो.

स्नायूत किंवा शिरेत दिल्या जाणाऱ्या अफूवर्गीय औषधांपैकी पेथिडीन हे एक आहे. आपल्याकडे ट्रॅमाडॉलचाही वापर होतो. ही इंजेक्शने स्वस्त आणि देण्यास सोपी आहेत. परंतु त्यांच्याकडून मिळणारे शमन मर्यादित असते. पुष्कळदा वेदना तशीच राहते आणि गुंगी तेवढी येते. कळांमध्ये डुलकी लागावी आणि प्रत्येक कळेला दचकून जाग यावी, हा अनुभव काहींना अधिकच असह्य होतो. ही औषधे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. पेथिडीनचे विघटन होऊन तयार होणारा पदार्थ नवजात बालकाच्या शरीरात दीर्घकाळ टिकतो; बाळ सुस्त राहते, स्तनपान उशिरा सुरू होते, क्वचित श्वास मंदावतो. म्हणून प्रसूती लवकरच होईल अशी चिन्हे असताना ते सहसा देत नाहीत, आणि दिले असल्यास बाळाला श्वास देण्याची तयारी जवळ ठेवावी लागते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रसूतिकक्षात ‘इंजेक्शन दिले’ असे सांगितले जाते तेव्हा ते वेदनाशामकच असते असे नाही. कळा वाढविण्यासाठी सलाईनमधून दिले जाणारे ऑक्सिटोसिन वेदना वाढविते. कळा वाढवावयाच्या आणि त्या सोसण्याची कोणतीही सोय करावयाची नाही, हा व्यवहार अनेक ठिकाणी इतका सवयीचा झाला आहे, की त्यातील विसंगती कोणाला खटकत नाही.

एपिड्यूरल

सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत जास्त गैरसमजांनी वेढलेला उपाय एपिड्यूरल हाच आहे. पाठीच्या कण्यात मज्जारज्जूभोवती एक आवरण असते. त्या आवरणाच्या बाहेरील पोकळीत, कमरेच्या पातळीवर, सुईच्या साहाय्याने एक बारीक नळी सोडली जाते व सुई काढून घेतली जाते. नळीतून बधिरता आणणारे औषध थोडे थोडे देता येते. सिझेरियनच्या वेळी कमरेत एकदाच दिले जाणारे इंजेक्शन आवरणाच्या आतील द्रवात जाते. ते स्पायनल होय. दोन्ही ‘पाठीतले इंजेक्शन’ म्हणून ओळखली जातात आणि एकीचा अनुभव दुसरीच्या नावावर जमा होतो.

पूर्वी या नळीतून तीव्र मात्रेचे औषध दिले जाई. पाय जड पडत, जोर लावण्याची जाणीव जाई आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ काढण्याची वेळ अधिक येई. आता सौम्य मात्रेचे बधिरक आणि त्यासोबत अल्प प्रमाणात फेंटानिल देतात. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात (२००१) सौम्य मात्रेच्या पद्धतीमुळे साधनांवाचून होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण वाढल्याचे आढळले. कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात चाळीस अभ्यासांचा समावेश होता. त्यानुसार एपिड्यूरलमुळे सिझेरियनची शक्यता वाढत नाही. उपकरणांच्या साहाय्याने होणाऱ्या प्रसूती एकूण अभ्यासांत अधिक दिसतात. २००५ नंतरच्या अभ्यासांत मात्र हा फरक आढळत नाही. बाळाच्या अॅपगार गुणांकावर विपरीत परिणाम दिसला नाही.

पाठदुखीविषयीची समजूत स्वतंत्रपणे पाहावी लागते, कारण नकाराचे तेच सर्वांत मोठे कारण असते. त्याच आढाव्यात एपिड्यूरल घेतलेल्या व न घेतलेल्या स्त्रियांच्या दीर्घकालीन पाठदुखीत फरक आढळला नाही. सुईच्या जागी काही दिवस दुखते, हे खरे. परंतु गर्भारपणात सैल झालेले सांधे, बदललेला शरीराचा तोल आणि पुढे वाकून पाजणे, बाळ उचलणे, धुणी-भांडी यांमुळे बाळंतपणानंतर पाठ दुखणे मुळातच सार्वत्रिक आहे. ज्यांना इंजेक्शन दिले गेले त्या इंजेक्शनला दोष देतात. ज्यांना दिले गेले नाही त्या वाऱ्याला किंवा अपुऱ्या डिंकाच्या लाडवांना.

याचा अर्थ एपिड्यूरल निर्धोक आहे असा नव्हे. ब्रिटनमधील प्रसूतिभूलतज्ज्ञांच्या संघटनेने गर्भवतींसाठी तयार केलेल्या माहितीपत्रकात धोक्यांचे प्रमाण साध्या भाषेत दिले आहे. दर ८ पैकी एका स्त्रीला पुरेसा आराम न मिळाल्याने अन्य उपायांची जोड द्यावी लागते. ५० पैकी एकीचा रक्तदाब लक्षणीय उतरतो. सुमारे १०० पैकी एकीला, आवरणाला छिद्र पडल्यामुळे, तीव्र डोकेदुखी होते. ती बसल्यावर वाढते व आडवे झाल्यावर कमी होते, आणि तिच्यावर उपचार आहेत. मज्जातंतूची तात्पुरती इजा १,००० मध्ये एकीला, तर सहा महिन्यांहून अधिक टिकणारी इजा १३,००० मध्ये एकीला संभवते. लकव्यासारख्या गंभीर इजेचे प्रमाण अडीच लाखांत एक इतके आहे. याखेरीज ताप येणे, लघवी अडणे, दुसरी अवस्था लांबणे हेही संभवते. ताप आल्यास तो संसर्गाचा आहे की नाही हे पाहण्यासाठी बाळाच्याही तपासण्या होतात. रक्त न गोठण्याचा विकार, प्लेटलेट्सची मोठी घट, सुईच्या जागी संसर्ग अशा स्थितींत हा उपाय वर्ज्य आहे.

हे आकडे प्रशिक्षित भूलतज्ज्ञ, नियमित रक्तदाब मापन आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष असलेल्या व्यवस्थेतील आहेत. नळी घालून भूलतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयात निघून जात असेल, तर तेच आकडे लागू करता येणार नाहीत. महाराष्ट्रातील अनेक तालुक्यांच्या ठिकाणी एकच भूलतज्ज्ञ तीन-चार रुग्णालयांत धावपळ करीत असतो आणि त्याला बोलावणे येते ते शस्त्रक्रियेसाठी. सार्वजनिक व्यवस्थेत सामान्य डॉक्टरांना भूल देण्याचे जे अल्पमुदतीचे प्रशिक्षण दिले गेले, त्याचाही हेतू तातडीच्या सिझेरियनअभावी होणारे मृत्यू टाळणे हा होता. तो हेतू रास्तच होता; प्रसूतिवेदनांचा विचार त्यात नव्हता. परिणामी कागदावर सर्वांत प्रभावी असलेला पर्याय बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत पर्यायच नसतो.

‘ठरावीक सेंटिमीटर उघडल्याशिवाय एपिड्यूरल देत नाहीत’ हा नियम आता जुना झाला आहे. प्रसूती सुरू झाली असून स्त्रीने मागणी केली आहे, हे कारण पुरेसे मानले जाते.

वेदनेच्या भीतीपोटी शस्त्रक्रिया

वरील पर्यायांपैकी कोणताही हाताशी नसला म्हणजे एक निराळाच पर्याय पुढे येतो. ‘कळा सहन होणार नाहीत, सिझेरियनच करा’ अशी मागणी गर्भवती किंवा तिचे आईवडील करतात. कधी बारा-चौदा तास कळा सोसल्यावर, प्रगती ठीक असतानाही, नातेवाईकांचा धीर सुटतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील सिझेरियनचे प्रमाण २१.५ टक्के होते. सार्वजनिक संस्थांत ते १४.३, तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के होते. महाराष्ट्राचे एकूण प्रमाण २५.४ टक्के होते. या वाढीला आर्थिक हितसंबंध, कायदेशीर कारवाईची भीती, मुहूर्ताचा हट्ट, उशिरा होणारी पहिली गर्भधारणा अशी अनेक कारणे आहेत आणि वेदनेच्या भीतीचा वाटा त्यात किती हे वेगळे काढून सांगता येण्यासारखे नाही. परंतु त्यातील तर्कदोष स्पष्ट आहे. सिझेरियनने वेदना टळत नाही; ती प्रसूतीनंतरच्या दिवसांत, नेमकी बाळाला उचलण्याच्या व पाजण्याच्या काळात, येऊन ठेपते. शिवाय पुढील गर्भारपणात वार खाली किंवा जुन्या व्रणात खोल रुजण्याचा आणि व्रण फाटण्याचा धोका मागे राहतो. पोट उघडण्यासाठी भूलतज्ज्ञ येतो आणि पोट उघडण्याची वेळ टळावी म्हणून येत नाही, ही आपल्या व्यवस्थेतील उफराटी गोष्ट आहे.

निर्णय कोणाचा?

पहिले बाळंतपण माहेरी, ही प्रथा अजूनही टिकून आहे. तिचा मोठा गुण म्हणजे आई जवळ असते. मात्र ज्या डॉक्टरांनी सात महिने तपासले ते एका गावात आणि प्रसूती दुसऱ्या गावात, असे होऊन वेदनाशमनाविषयी कोणाशीच बोलणे होत नाही. प्रत्यक्ष कळा सुरू झाल्यावर खर्चाचा निर्णय वडील किंवा पती घेतात, सासरी फोन जातो, आणि कोणीतरी वडीलधारी स्त्री ‘काही गरज नाही’ असे सांगते. जिला कळा येत असतात तिचे मत विचारले गेले तरी सलग बोलण्याच्या स्थितीत ती नसते.

कायद्याची भूमिका याबाबतीत नि:संदिग्ध आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असे ठरविले, की सज्ञान व सक्षम रुग्णाच्या उपचाराला संमती तिची स्वतःचीच हवी. रुग्ण भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईकडून घेतलेली संमती, तातडीचा प्रसंग नसताना, वैध ठरत नाही. संमती घेताना पर्याय, लाभ आणि धोके यांची पुरेशी माहिती देणेही आवश्यक मानले गेले. खटला प्रसूतीचा नव्हता; परंतु प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेर सह्या गोळा करण्याच्या पद्धतीला तो तंतोतंत लागू पडतो.

म्हणून ही चर्चा आठव्या महिन्यापूर्वी, ज्या ठिकाणी प्रसूती होणार तेथील डॉक्टरांशी, गर्भवतीने स्वतः करणे इष्ट होय. रात्री भूलतज्ज्ञ मिळतो का, तो किती वेळ थांबतो, त्याचे शुल्क वेगळे किती, वायूची सोय आहे का, कोणते इंजेक्शन देतात, फिरू देतात का, हे प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. उत्तरे केसपेपरवर लिहून घ्यावीत. आधी नको म्हटलेले ऐनवेळी मागता येते आणि आधी मागितलेले नाकारताही येते, हेही तेथेच स्पष्ट व्हावे.

जेथे यांतील बहुतेक प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे येईल, तेथेही सोबतीचा आग्रह धरता येतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये सार्वजनिक आरोग्यसंस्थांत प्रसूतिसोबतीला परवानगी दिली आणि डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ उपक्रमातही तिचा समावेश केला. सोबतीण स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने पूर्ण वेळ थांबावे आणि उपचारांत ढवळाढवळ करू नये, अशा साध्या अटी आहेत. स्त्रियांचा आडोसा सांभाळला जात असेल तेथे पतीलाही आत येऊ देता येते. तरीही ‘आत गर्दी नको’ म्हणून आईला किंवा बहिणीला दाराबाहेर बसविले जाते. अनेक प्रसूतिकक्षांत तीन-चार खाटा एकमेकींना लागून असतात आणि मध्ये पडदा नसतो. एकीची सोबतीण आत घेतली तर दुसरीला संकोच होतो, ही परिचारिकांची अडचण खरी आहे. ती दूर करण्यासाठी भूलतज्ज्ञाच्या नेमणुकीची वाट पाहावी लागत नाही. दोन खाटांमध्ये पडदा लावावा लागतो.